हिरवी किट घेऊनही खाज परत येते, पुढं काय करायचं?

आशा_धानपट्टा

रोवणी लागली का आमच्या गावात बायकांचं एकच गाऱ्हाणं असते. "खालून लय खाजवते", "दह्यावानी जाते", "लघवी केली का झोंबते". दिवसभर चिखलात वाकून काम, ओलं लुगडं अंगावरच. उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम त्यावर गोळ्यांची हिरवी किट देतात. आठवडाभर बरं वाटते, अन् महिन्या-दीड महिन्यात तीच बाई परत दारात. मधल्या काळात कोणी दुकानातून खाजेची ट्यूब आणते, कोणी शेजारणीची उरलेली गोळी खाते, कोणी तुरटीच्या पाण्यानं आतून धुते.

परत आलेल्या बाईला तीच किट द्यायची का? नवऱ्यालाही द्यायची का? पोटुशी असली तं काय? अन् साधं पांढरं पाणी कोणतं, बुरशी कोणती, हे बाईच्या सांगण्यावरून कसं ओळखायचं? इथं तपासायला धड आडोसा नाही, बायका तपासू देत नाहीत. पुस्तकातलं नको, गावात होण्यासारखं सांगा.

स्त्रीरोग_ग्रामीण

ताई, परत आलेल्या बाईला डोळे झाकून तीच किट देऊ नका. पहिल्यांदा देणं बरोबर आहे, दुसऱ्यांदा चार प्रश्न विचारून द्यायची आणि तिसऱ्यांदा तपासल्याशिवाय द्यायची नाही. एवढं पाळलं तरी निम्मा घोळ मिटेल.

हिरव्या किटमध्ये, म्हणजे नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या) किट क्रमांक २ मध्ये, दोन औषधं असतात. सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच घ्यायची. सेक्निडाझोल हे जिवाणूंमुळं वास येणाऱ्या स्रावावर आणि ट्रायकोमोनास या संबंधातून लागणाऱ्या सूक्ष्म परजीवीवर चालतं, फ्लुकोनाझोल बुरशीवर, म्हणजे कॅन्डिडावर. तपासणीची सोय नाही तिथं तिन्ही आजारांवर एकदम औषध टाकायचं, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळं बाईला बरं वाटलं तरी नेमकं काय बरं झालं ते कळत नाही, आणि परत खाज सुटली की आपण परत पहिल्या पायरीवर.

आता विचारायचं कसं ते. बुरशीत खाज पहिली, स्राव नंतर. "जास्त त्रास खाजेचा का पाण्याचा?" असं विचारा. पाण्याचा म्हणाली तर बुरशीची शक्यता कमी. मग वास विचारा. बुरशीला वास जवळजवळ नसतोच. मासळीसारखा वास, पातळ करडं पाणी, संबंधानंतर वास वाढतो, असं असेल तर तो जिवाणूंचा बिघाड आहे. हिरवट-पिवळं, फेसाळ आणि सोबत जळजळ असेल तर ट्रायकोमोनास. आणि लघवीचं गाऱ्हाणं असलं की एक प्रश्न हमखास विचारा, "आत जळते का बाहेर झोंबते?" बुरशीत बाहेरची कातडी सोलवटलेली असते, तिच्यावर लघवी पडली की झोंबतं. आत जळतं, घडीघडी जावं लागतं, थेंबथेंब होते, हे मूत्रमार्गाचं दुखणं आहे. त्याला बुरशीच्या गोळीचा काही उपयोग नाही. अशा बाईला उलट अँटिबायोटिक लागतं, आणि त्यानंतर बुरशी येऊ शकते हेही लक्षात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत अँटिबायोटिक घेतलं होतं का, हा म्हणूनच तुमचा पुढचा प्रश्न.

महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं ताणलं जाणारं, बिनखाजेचं पाणी जातं ते नैसर्गिक आहे. त्याला कुठलीच गोळी नको. "पांढऱ्या पाण्यानं हाडं झिजतेत" ही भीती आपल्याकडं फार खोल आहे. हाडांचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही. बाईला थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघा, कारण बहुतेकदा तिथंच सापडतं.

साध्या, पहिल्यांदा झालेल्या बुरशीला फ्लुकोनाझोल १५० एकदा तोंडानं, किंवा क्लोट्रिमाझोलची ५०० मिलिग्रॅमची गोळी एका रात्री योनिमार्गात, किंवा १०० मिलिग्रॅमची सहा-सात रात्री. तिन्हींचा गुण जवळपास सारखा. कोर्स पुरा करणाऱ्या शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणी बऱ्या होतात. आराम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो, पण लागली का नाही हे सातव्या दिवशी ठरवायचं. "काल घेतली, आज गेली नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरी गोळी देऊ नका. फ्लुकोनाझोल एकदा घेतलं की त्याचं काम तीन दिवस तरी चालू असतं.

मात्र सूज असेल, कातडीला ब्लेडनं ओढल्यासारख्या बारीक चिरा असतील, तर एक गोळी पुरणार नाही. तिथं १५० ची पहिली गोळी आणि ७२ तासांनी दुसरी, किंवा योनिमार्गातलं औषध ७ ते १४ रात्री. किट घेऊनही परत येणाऱ्या पुष्कळ बायका याच असतात. पहिल्याच वेळी आजार जोराचा होता, औषध हलकं पडलं. तुमच्या वहीत "चिरा/सूज" असा एक रकाना करा.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली तर ती वारंवारची बुरशी. तिथं आधी रक्तातली साखर, समजावून आणि संमती घेऊन एचआयव्हीची तपासणी, आणि जमलं तर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं. मग फ्लुकोनाझोल १५० पहिल्या, चौथ्या, सातव्या दिवशी, आणि पुढं आठवड्याला एक असं सहा महिने, डॉक्टरच्या देखरेखीखाली. २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात असं औषध घेणाऱ्या ९१ टक्के बायका सहा महिन्यांअंती बिनत्रासाच्या होत्या, औषध नसलेली नुसती भुकटीची गोळी घेणाऱ्यांत ३६ टक्के. पण वर्षअखेर हे आकडे ४३ आणि २२ वर आले. म्हणजे औषध थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणींना परत होतं. हे बाईला सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर ती म्हणेल डॉक्टरनं फसवलं.

नवरा. बुरशी लैंगिक आजारांत मोडत नाही, कॅन्डिडा आपल्याच अंगात राहतो. शंभरातल्या दहा-वीस बायकांच्या योनिमार्गात काही त्रास नसताना तो सापडतो, त्यांना औषध द्यायचं नाही. नवऱ्याला काही होत नसेल तर त्यालाही नको. त्याच्या शिस्नाच्या टोकाला लाली-खाज असेल तरच क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, सात दिवस. ट्रायकोमोनास असेल तर मात्र दोघांनाही औषध लागतंच. "बाहेरून आणलं" यावरून घरात भांडण लागायच्या आधी हा फरक दोघांना बसवून सांगा.

"बायका तपासू देत नाहीत" याबद्दल थोडं. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, त्याचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. आडोसा आणि विश्वासाची बाई डॉक्टर असली की बायका तपासू देतात. खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घ्या, पडद्यापेक्षा ती जास्त कामाची.

ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, फोड किंवा जखम, पाळी चुकलेली, यातलं काही असलं तर गोळी न देता थेट पाठवा.

सूक्ष्मदर्शक

लॅबच्या बाजूनं. बाई तपासू देत नसेल तर तिला स्वतः स्वॅब घेऊ द्या, चांगला येतो. निर्जंतुक कापसाची काडी, बोटाची दोन पेरं आत जाईल एवढी सरकवायची, पंधरा-वीस सेकंद गोल फिरवायची, बाहेरच्या कातडीला न टेकवता काढायची. संडासात उभं राहून, एक पाय पायरीवर ठेवूनही जमतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे पीएच पट्टी, म्हणजे स्राव किती आंबट ते दाखवणारी कागदी पट्टी. काडी पट्टीवर फिरवा आणि ओली असतानाच रंग बघा. ४.५ किंवा खाली आणि सोबत खाज, तर बुरशीकडं बोट. ४.५ च्या वर, तर जिवाणूंचा बिघाड किंवा ट्रायकोमोनास. पट्टी फसते कुठं? पाळीचं रक्त, आदल्या रात्रीचा संबंध, किंवा बाईनं येण्याआधी साबणानं धुतलेलं. तिन्हींत आकडा वर जातो. म्हणून येताना धुऊन येऊ नका असं निरोपातच सांगा. आपल्या बायका तपासणीला हमखास स्वच्छ धुऊन येतात, आणि धुताना सगळा पुरावाही वाहून जातो.

काचपट्टीवर दोन थेंब. एकात सलाइन, दुसऱ्यात १० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). सलाइनच्या थेंबात ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो, पण दहा-पंधरा मिनिटांच्या आत बघितला तरच. गावातून थैलीत घालून दुपारी आणलेल्या काडीत तो मरून पडलेला असतो. केओएचमध्ये कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे, कळ्या उरतात. आधी १० च्या भिंगात शोधा, मग ४० वर खात्री करा. थेंब टाकताच मासळीचा वास उठला तर जिवाणूंचा बिघाड. केओएच कातडी भाजतं, हातमोजे घाला.

काचेवर काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाहीच, असं नसतं. बऱ्याच केसेस काचेवर सुटतात. कॅन्डिडा ग्लाब्राटा तर धागे धरतच नाही, नुसत्या बारीक कळ्या असतात आणि नवख्याला त्या तेलाचे थेंब वाटतात. नेमकी ही जात फ्लुकोनाझोलला फारशी जुमानत नाही. दोन कोर्स नीट घेऊनही खाज राहिली तर कल्चर करायला पाठवा. नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, सगळीकडं वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मायक्रोबायोलॉजी विभागात होतं. चिठ्ठीवर "बुरशीची जात ओळखा" असं स्पष्ट लिहा, नाहीतर "कॅन्डिडा आढळला" एवढंच लिहून परत येतं आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. औषध चालू असताना घेतलेला स्वॅब कोरा आला तर त्यावर विसंबू नका.

जेनेरिक_औषधी

दुकानाच्या काउंटरवरून दिसणाऱ्या चुका सांगतो.

पहिली, ती खाजेची ट्यूब. एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटासोल नावाचं जोरकस स्टिरॉइड, एक-दोन अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, अशी खिचडी असते. स्टिरॉइडमुळं रात्रीत खाज थांबते, म्हणून बाईला ती रामबाण वाटते. आत बुरशी वाढतच राहते, नाजूक जागची कातडी पातळ होते, ट्यूब थांबवली की आग दुप्पट. बाहेरून लावायला साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का मागा. नावात आणखी काही जोडलेलं असेल तर नको म्हणा. जांघेत कडेला उठावदार गोल, मधे बरी झालेली कातडी असं असेल तर तो नायटा, वेगळा आजार. त्याला एका गोळीनं काही होत नाही, काही आठवडे मलम लागतं.

दुसरी, ताकद. फ्लुकोनाझोल ५०, १५०, २००, ४०० अशा ताकदींत मिळतं. "बुरशीची गोळी द्या" म्हटलं की नायट्यासाठी आलेल्या दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीतली देऊन मोकळं होणारे आहेत. पाकिटावर १५० वाचा.

तिसरी, सोबतची औषधं. हे फार जण विचारत नाहीत. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिपिझाइड चालू असेल तर फ्लुकोनाझोल त्या गोळीचा जोर वाढवतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. नवरात्रात, हरितालिकेला उपाशी असलेल्या बाईला तर हा धोका आणखी. अशा बाईला योनिमार्गातली क्लोट्रिमाझोल बरी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि फिटसाठीचं फेनिटॉइन चालू असेल तरी तेच. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर उलटं होतं, फ्लुकोनाझोल शरीरातून लवकर निघून जातं आणि "गोळीचा गुण आला नाही" असं दिसतं. किटमध्ये सेक्निडाझोलही आहे, तेव्हा मोहाची किंवा कुठलीही दारू दोन-तीन दिवस बंद. नाहीतर ओकाऱ्या आणि छातीत धडधड होऊ शकते.

चौथी, गोळी ठेवायची पद्धत. ती तोंडानं खाल्लेली उदाहरणं कमी नाहीत, म्हणून पाकिटावर पेनानं "खायची नाही" लिहून देत जा. रात्री झोपताना, हात साबणानं धुऊन, नखं कापलेली. गोळी दोन सेकंद पाण्यात बुडवायची, कोरडी ठेवली तर विरघळत नाही आणि टोचते. पाठीवर झोपून गुडघे वर, किंवा उकिडवं बसून, मधल्या बोटानं जेवढी आत जाईल तेवढी. मग उठायचं नाही. सकाळी खडूसारखी पांढरी भुकटी बाहेर येते, ते औषधाचं उरलेलं चोथट आहे, आजार वाढला असं समजू नका. पहिल्या रात्री थोडी आग होते. दोन-तीन दिवसांत पाळी येणार असेल तर थांबा, पाळीत औषध वाहून जातं. तोंडाची गोळी पाळीतही चालते. क्लोट्रिमाझोलच्या मलमानं आणि गोळीनं निरोध कमजोर होतो, त्या दिवसांत त्याच्यावर भिस्त नको.

पाचवी, ऊन. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर. पत्र्याच्या खोलीत मऊ कॅप्सूल आणि मेणासारख्या योनिवड्या वितळून पाकिटात पसरतात. घट्ट गोळीला तेवढा धोका नाही, म्हणून उन्हाळ्यात मागणी करताना गोळीच मागवा. वडीच मिळाली तर पाकीट डब्यात घालून माठाला लागून ठेवा. मऊ झालेली असेल तर न फोडता दहा-पंधरा मिनिटं गार पाण्यात धरा, घट्ट झाली की मग उघडा.

आशा_धानपट्टा

"आत जळते का बाहेर झोंबते" हे वहीत लिहून घेतलं. आता चार बायकांचं विचारतो. एक सातव्या महिन्यात आहे. एकीला शुगर आहे, दोन महिन्यांपासून नवी गोळी सुरू झाली, तेव्हापासून खाज. एक साठीची म्हातारी, तिला वर्षानुवर्षं खाज, बुरशीच्या गोळ्या खाऊन थकली. अन् एक सहा वर्षांची पोरगी रात्री खाजवते, तिची माय तिलाही ट्यूब लावते.

स्त्रीरोग_ग्रामीण

चौघींतली फार तर दोघींना बुरशी असेल.

सातव्या महिन्यातली: हिरवी किट नाही. गरोदरपणात तोंडानं फ्लुकोनाझोल टाळायचं. जास्त डोसानं बाळात व्यंग आल्याचं माहीत आहे, आणि २०१६ साली डेन्मार्कच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात एक-दोन गोळ्यांचाही गर्भपाताशी संबंध दिसला. तिला क्लोट्रिमाझोल १०० मिलिग्रॅम, सात रात्री, बोटानं हलकेच. प्लास्टिकची नळी आत ढकलू नका. गरोदरपणात एका दिवसाचा कोर्स कमी पडतो, सात रात्री पुऱ्या करायला लावा. आणि "पाणी जाते" म्हणजे नेमकं काय ते विचारा. दह्यासारखं का पाण्यासारखं? पाण्यासारखं सतत झिरपत असेल तर ते गर्भजल असू शकतं, तिला ताबडतोब रुग्णालयात पाठवा. ओल्या बाळंतिणीला मात्र एक गोळी चालते, अंगावर पाजणं थांबवायची गरज नाही.

शुगरवाली: गोळीचं पाकीट मागून बघा. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असेल, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, तर कारण सापडलं. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्या जागी साखर लागली की बुरशीला आयतं जेवण. गेल्या काही वर्षांत ती स्वस्त झाल्यानं आता तालुक्याच्या दुकानातही सर्रास मिळते. बाईनं ती आपल्या मनानं बंद करायची नाही. हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती चांगली गोळी आहे. बुरशीचा पुरा कोर्स द्या, लघवीनंतर दर वेळी साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायला सांगा, आणि तरी वारंवार होत असेल तर डॉक्टर औषध बदलतील. नवी गोळी नसली तरी शुगरच्या बाईची साखर आटोक्यात नसेल तर बुरशी जात नाही. उलटही खरं, वारंवार बुरशी हीच कधी मधुमेहाची पहिली खूण असते. तुमच्याकडं ग्लुकोमीटर आहे, दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येक बाईचं बोट टोचा.

साठीची: पाळी गेल्यावर बुरशी क्वचित होते, झाली तर बहुतेकदा शुगर असते. तिला बहुतेक कोरडेपणा आहे, किंवा लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार. कातडी पांढरट, कागदासारखी पातळ, चुरगळलेली दिसते. या आजारात कधी कधी पुढं कॅन्सर होतो, म्हणून तिला तपासणीला आणाच. गंमत अशी की तिला डॉक्टरच्या देखरेखीखाली तेच क्लोबेटासोल लागू शकतं जे बाकीच्यांना आपण नको म्हणतो. पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग जरी दिसला तरी वाट बघायची नाही.

पोरगी: पाळी येण्याआधीच्या वयात योनीची बुरशी जवळजवळ होत नाही. रात्रीची खाज म्हणजे बारीक कृमी असण्याची शक्यता जास्त. झोपल्यावर तासाभरानं टॉर्चनं गुदद्वाराजवळ बघायला सांगा, पांढऱ्या दोऱ्यासारखे दिसतात. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी परत एकदा, घरातल्या सगळ्यांना (पोटुशी असेल तिला विचारल्याशिवाय नाही). ट्यूब आजच बंद. घाण वास किंवा रक्त असेल तर आत काही अडकलंय का, आणि कुणी काही केलंय का, दोन्ही मनात ठेवून बाई डॉक्टरला दाखवा.

सिस्टर_रोवणी

औषधाचं झालं. आता ते ओलं लुगडं.

बुरशी चिखलातून अंगात शिरत नाही, हे आधी बायकांना सांगा, नाहीतर त्या धानाच्या बांधीला दोष देत बसतात आणि घरी जाऊन डेटॉलनं धुतात. ओलाव्यानं आणि घामानं कातडी भिजून फुगते, घासून सोलवटते, आणि अंगातलीच बुरशी तिथं जोर धरते. म्हणून मुद्दा कोरडं राहण्याचा आहे, रगडून धुण्याचा नाही. रोवणीवरून आल्यावर चूल पेटवायच्या आधी ओलं बदलणं, हे एक काम जमलं तरी पुष्कळ. शेतावर सुका परकर आणि सुती चड्डी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यायची, जेवणाच्या सुट्टीत बदलायची. चड्डी सुती, सैल. नायलॉनची आणि घट्ट लेगिंग कापूस वेचणीच्या दिवसांत चालून जाईल, रोवणीत आणि उन्हाळ्यात नाही. रात्री चड्डी न घालता झोपलं तर आणखी चांगलं.

पाळीचं कापड लाजेनं गोठ्यात, कोनाड्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. पावसाळ्यात ते चार-चार दिवस दमट राहतं. वर पातळ ओढणी टाका हवं तर, पण ऊन आणि वारा लागू द्या. ऊन नसेल त्या आठवड्यात धुऊन, पिळून, गरम तव्याजवळ नाहीतर इस्त्रीनं कोरडं करा. पॅड असो का कापड, चार-सहा तासांत बदला.

धुणं म्हणजे बाहेरून, साध्या पाण्यानं, दिवसातून एकदा-दोनदा. आत बोट घालून, पिचकारीनं, साबणानं, सुगंधी द्रावणानं धुतलं की आतले चांगले जिवाणू जातात आणि मग वासाचा आजार मागं लागतो. टाल्कम पावडरही नको, घामात तिचा लगदा होतो.

वऱ्हाडी_सून

अन् कडुनिंबाचं पाणी, दही, लसूण? आमच्या सासूबाई दह्यात कापूस बुडवून ठेवायले सांगतेत. हळद चालते का?

स्त्रीरोग_ग्रामीण

दही ताटात वाढा, आत ठेवू नका. त्यानं बुरशी जाते असा भरवशाचा पुरावा नाही. लसणानं कातडी भाजते, जखमा झालेल्या असतात. तुरटी आणि पोटॅशियम परमँगनेट कातडी कोरडी करून चिरा पाडतात. कडुनिंबाचा काढा बाहेरून गार धरला तर खाजेला तात्पुरतं बरं वाटेल, पण चिरा असतील तर तोही झोंबेल. खाज सोसवत नसेल तर गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं पाच-दहा मिनिटं धरा. हळदीनं खाज जात नाही, आणि लुगड्याला पडलेले डाग तेवढे राहतात.

कुणी बोरिक पावडरची कॅप्सूल सुचवली तर: ६०० मिलिग्रॅमची, दोन आठवडे, फ्लुकोनाझोलला न जुमानणाऱ्या जातीसाठी आणि तीही डॉक्टरनं लिहून दिली तरच. पोटात गेली तर विष आहे, गरोदर बाईला अजिबात नको. कॅरमवर टाकायची पावडर घरात असते म्हणून भरून घेऊ नका.

आशा_धानपट्टा

म्हातारीला शुक्रवारी ग्रामीण रुग्णालयात नेतो, अन् शुगरवालीचं पाकीट उद्याच बघतो. माठाजवळ ठेवायला स्टीलचा डबा नाही, प्लास्टिकचा चालते का?

जेनेरिक_औषधी

चालतो, झाकण घट्ट हवं. माठाची ओल आत गेली तर गोळ्या फुगतात. आणि डब्यावर काहीतरी लिहून ठेवा, लेकरं पेपरमिंट समजून खातात.